जास्तीचं रक्त

रविवारी सकाळी कारखान्याच्या वरच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं, असं बाबांनी धाकट्याकरवी कळवलं. थोरलीला त्यांनी स्वतः सांगितलं नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आल्यापासून ते तिच्याशी बोलतच नव्हते. जेवताना मीठ हवं असलं, आणि ते थोरलीच्या हाताशी असलं, तरी ते आईकडे मागत. आई मुकाट्याने हात लांबवून देत असे.

बातमी छोटीच होती. चढाच्या शर्यतीत सलग तीन वर्षं पहिली आलेल्या खेळाडूच्या रक्तात, शर्यतीनंतर काही महिन्यांनी झालेल्या अचानक तपासणीत, तांबड्या पेशी मर्यादेबाहेर सापडल्या, सायकलपटूंच्या संघटनेने तिच्यावर बंदी घातली, सुनावणी होईल. बस्स. उत्तेजक औषध घेतलं असं कुणी लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला दुसरं काय वाटणार? तांबड्या पेशी जितक्या जास्त तितका प्राणवायू जास्त, आणि प्राणवायू जास्त म्हणजे चढ सोपा. हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण हे घर आधी एकदा यातच पोळलं होतं.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे काका, तरुणपणी याच शर्यतीत याच कारणासाठी पकडले गेले होते. ते मात्र खरंच रक्त वाढवणाऱ्या सुया घेत होते. आजोबांनी सुरू केलेल्या या कारखान्यात दोघे भाऊ सायकलींच्या फ्रेम जोडत. बाबांनी त्या दिवशी गॅसची ज्योत विझवली, भावाला दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, की रक्ताशी खेळणाऱ्या माणसाला इथे जागा नाही. तेव्हापासून बाबांच्या तोंडी काकांचा उल्लेख आला तर ‘तो माणूस’ असाच येई. थोरली दूधपिती होती तेव्हा. काका तिला माहीत होते ते शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला, गर्दीत मागे उभा राहणारा, एक पाय ओढत चालणारा माणूस म्हणून. दर वर्षी यायचे, पाहायचे, निघून जायचे.

त्या रविवारी थोरली अंघोळ करून आली ती दोन्ही दंड खाजवतच. हे गेलं वर्षभर चाललं होतं. अंगावर पाणी पडलं की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं, तासाभराने आपोआप शमायचं. साबण बदलून झाला, पाणी थंड करून झालं. चेहरा तर असा लालबुंद असायचा, की कारखान्यातले कारागीर तिला टोमॅटो म्हणायला लागले होते. उन्हात सायकल हाणते म्हटल्यावर चेहरा लाल असणारच, असं तिने स्वतःलाच समजावलं होतं. डोकं दुखे, डोळ्यांसमोर ठिपके नाचत, तर झोप झाली नसेल. दोन घासांत पोट भरे, तर ताण आला असेल.

खोलीत जुन्या फ्रेम भिंतीला टांगलेल्या होत्या आणि मधल्या लाकडी टेबलावर कानशींचे ओरखडे होते. बाबा टेबलाच्या टोकाला उभे होते. त्यांनी धाकट्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली. शर्यतीच्या सायकली बनवणं बंद करायचं, थोरलीकडे शिकायला येणाऱ्या मुलींना निरोप द्यायचा, दारावरच्या पाटीवरून थोरलीचा फोटो उतरवायचा. यापुढे दूधवाल्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या सायकली बनवू. धाकट्याने मान डोलावली. तो दुकान सांभाळायचा, लोकांच्या नजरा त्याच्या वाट्याला येत होत्या. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतं, ते मला ऐकावं लागतं, असं तो म्हणाला, आणि म्हणताना बहिणीकडे बघायचं त्याने टाळलं.

“मी काहीही घेतलेलं नाही,” थोरली म्हणाली. गेल्या दोन आठवड्यांत हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता तिलाच ते पाठ केलेलं वाटू लागलं होतं.

“असंच सांगितलं होतं त्यानेही,” बाबा आईला म्हणाले. “याच टेबलापाशी.”

जिन्यावर एक पाऊल नीट आणि एक घासत, असं कुणीतरी वर येत असल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. काका आत आले, धापा टाकत, टोपी हातात घेऊन. जिना चढायला त्यांना किती त्रास झाला ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

त्यांना कोणी बोलावलं, असं बाबांनी विचारलं. “मी,” आई म्हणाली. आणि हे सांगताना ती बसल्या जागेवरून उठलीसुद्धा नाही. गेली कित्येक वर्षं ती नवऱ्याच्या नकळत दिराची खबर ठेवून होती, हे त्या एका शब्दाने उघड झालं. बाबांचा चेहरा पडला. धाकटा उभा राहिला आणि मग का उभा राहिलो ते न कळून पुन्हा बसला.

काकांनी बसायची परवानगी मागितली नाही आणि ते बसलेही नाहीत. थोरलीकडे त्यांनी निरखून पाहिलं, तिच्या दंडांवरच्या नखांच्या रेघा पाहिल्या.

“अंघोळीनंतर खाज सुटते?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

“पायाचे तळवे भाजल्यासारखे होतात?”

“होतात. रात्री पांघरुणाबाहेर ठेवते. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मग काकांनी जे सांगितलं ते त्यांनी सरळ सांगितलं, स्वतःची बाजू न मांडता. त्या सुयांनी आपलं रक्त घट्ट झालं, पायात गुठळी झाली आणि पाय जन्माचा गेला. तेव्हापासून रक्ताच्या डॉक्टरांकडे आपल्या खेपा चालू आहेत. तिथल्या बाकांवर तासन् तास बसावं लागतं आणि माणसं बोलतात. काही जण अस्से लाल तोंडाचे असतात, अस्सेच खाजवत असतात. त्यांनी कधी सुई घेतलेली नाही. त्यांचं शरीरच रक्त बनवायचं थांबत नाही.

“मी घेत होतो तेव्हा मला कधी खाज सुटली नाही,” ते भावाकडे वळून म्हणाले. “घेणारा कसा दिसतो ते या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? शर्यत जवळ आली की त्याचं रक्त चढतं, संपली की उतरतं. मी दर वर्षी हिला रस्त्यावर बघतो. शर्यत होऊन महिने झाले, तरी ही आज तेव्हापेक्षाही लाल आहे. ही पोरगी आजारी आहे. तिला पाटीवरून नंतर उतरव, आधी डॉक्टरकडे ने.”

बाबा म्हणाले, की त्या माणसाचं म्हणणं ऐकायला आपण कुणाला जमवलेलं नाही. ते खाली गेले. थोड्या वेळाने खालून कानस घासल्याचा आवाज यायला लागला, अगदी जोराजोरात.

आई उठली. तिने खुंटीवरची पिशवी घेतली आणि काकांना विचारलं, “भाऊजी, ते डॉक्टर उद्या असतात?”

धाकटा गोंधळून आईकडे पाहत राहिला. बाबांच्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली त्याने पाहिली नव्हती. थोरलीनेही नव्हती.

*

रक्ताच्या डॉक्टर म्हणजे एक बुटक्या, घाईत बोलणाऱ्या बाई होत्या. सर्दीने त्यांचं नाक चोंदलेलं होतं. त्यांनी थोरलीला आडवं करून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि मोठा श्वास घ्यायला लावला. बोटांना काहीतरी लागलं असावं, कारण त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. प्लीहा वाढून जठरावर दाबते आहे, म्हणून दोन घासांत पोट भरतं, असं त्या म्हणाल्या. रक्त काढलं, ते तपासायला दूरच्या प्रयोगशाळेत गेलं. निकाल येईपर्यंत आई तेवढी रोज विचारायची, तळवे कसे आहेत.

निकालाच्या दिवशी थोरली, आई आणि काका डॉक्टरांसमोर बसले. बाई आज घाईत नव्हत्या. त्यांनी खुर्ची टेबलाच्या बाजूने फिरवून जवळ घेतली. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, पॉलिसायथेमिया व्हेरा, आणि लगेच म्हणाल्या, की नाव लक्षात ठेवायची गरज नाही, अर्थ कळला पाहिजे. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्या एका पेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि ती थांबायचं विसरते. तिच्या वंशावळीतली प्रत्येक पेशी तशीच. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार, सावकाश चालणारा. इतक्या तरुण वयात क्वचित दिसतो.

आईने पदर तोंडाला लावला. काकांनी मान खाली घातली.

“हा बिघाड सुईने होऊ शकतो?” थोरलीने विचारलं.

“नाही. कुठल्याच सुईने नाही. बाहेरून औषध घेणाऱ्याच्या फक्त तांबड्या पेशी वाढतात. तुझ्या पांढऱ्याही वाढल्यात, आणि गुठळी करणाऱ्या बारक्या पेशीही. शिवाय तुझ्या जनुकातला बदल आम्हाला सापडलाय. तो कुणी टोचू शकत नाही.”

“हे तुम्ही संघटनेला सांगाल?”

“लिहून देईन. हवं तर येऊन सांगेन.”

थोरलीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते थांबेना. कॅन्सर आहे म्हणून सांगितलेली मुलगी खुर्चीत बसून हसते आहे, हे पाहून डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईला आधी राग आला, मग कळलं, आणि मग रडता रडता तीही हसायला लागली. थोरलीच्या छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला होता. पण हा दुसरा तिचा स्वतःचा होता. खोटेपणाचा नव्हता.

भीती नंतर आली, बाहेर बाकावर बसल्यावर. असं दाट रक्त घेऊन आपण चढ चढत होतो, कुठेही गुठळी झाली असती, मेंदूत झाली असती, हे डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत राहिलं. काकांनी आपला दुखरा पाय लांब करून ठेवला आणि तिच्याजवळ बसून राहिले. उपाय आहे, बरीच माणसं पुष्कळ वर्षं जगतात, असं डॉक्टर म्हणाल्याच होत्या. रोज अ‍ॅस्पिरिनची एक छोटी गोळी. आणि जास्तीचं रक्त काढून टाकायचं, प्रमाण ताब्यात येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

बाबांना आईने त्याच संध्याकाळी सांगितलं. काय बोलणं झालं ते थोरलीला कळलं नाही. दार बंद होतं.

पहिल्यांदा रक्त काढायच्या दिवशी ती आरामखुर्चीत टेकून बसली होती, दंडाला पट्टा, खाली पिशवी. पिशवीत उतरणारं रक्त इतकं गडद होतं, की तिला ते स्वतःचं वाटेना. काचेच्या दारापलीकडे काका बसलेले दिसत होते. मग बाबा दिसले. हातांना कारखान्याची काळी भुकटी तशीच होती, म्हणजे काम टाकून आले होते. ते दारापाशी थबकले, आत पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि आत न येता बाकाकडे वळले. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.

दार अर्धवट उघडं होतं.

“दादा,” बाबा म्हणाले. “मला का नाही दिसलं? रोज माझ्यासमोर असते ती.”

“तुला तिच्यात मीच दिसत होतो,” काका म्हणाले. “बाकी काही दिसायला जागाच नव्हती.”

बाबांनी काळे हात गुडघ्यांवर पुसले. मग ते आत आले आणि थोरलीच्या पायांशी उभे राहिले. शेवटी ते एवढंच म्हणाले, “तुझं ऐकायला हवं होतं मी.”

“हो,” ती म्हणाली. “ऐकायला हवं होतं.”

परिचारिका पिशवी काढायला आली तेव्हा त्यांनी मुलीचा दंड दाबून धरला, सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

*

सुनावणीला डॉक्टर स्वतः आल्या. संघटनेच्या तीन सभासदांना त्यांनी तेच समजावलं, तितक्याच सोप्या शब्दांत. बंदी उठली. अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. तिन्ही विजेतेपदं तिचीच राहतील, असंही त्यांनी सांगितलं. सगळे उठायला लागले, पण थोरली बसूनच राहिली.

तिने विचारलं, की तुमच्याकडे आधीच्या वर्षांचे माझ्या रक्ताचे आकडे असतील. होते. पहिल्या दोन शर्यतींच्या वेळी तिचं रक्त चारचौघींसारखं होतं. तिसऱ्या वेळी ते चढलेलं होतं, मर्यादेच्या किंचित आत. हे तिला अपेक्षितच होतं. तिने पिशवीतून तिसऱ्या वर्षीचा चषक काढून टेबलावर ठेवला.

बाबांनी तिचं कोपर धरलं. खाली वाकून ते म्हणाले, की वेडेपणा करू नकोस, तुझा काही दोष नाही, ते तुझं आहे.

“असेल,” ती म्हणाली. “पण ते मी पायांनी मिळवलं की आजाराने, हे मला माहीत नाही. मला माहीत असलेलं हवंय.”

बाबा वाद घालायच्या बेतात होते. तेव्हा मागून धाकटा बोलला. इतके दिवस काउंटरमागे मान खाली घालून वावरणारा तो, आज पहिल्यांदा बहिणीच्या बाजूने उभा राहिला. “बाबा, तिला ठेवू द्या,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी ती परत आणेल.”

आणेल म्हणणं सोपं होतं. रक्त काढायला लागल्यावर पहिले काही महिने थोरलीला जिना चढतानाही दम लागे. सराव करताना ती अर्ध्या चढावर उतरून दगडावर बसायची आणि शाळेतली पोरं घंटी वाजवत तिला मागे टाकून जायची. डॉक्टरांनी तिला शर्यतीची परवानगी तर लांबच, सराव वाढवायलाही ठाम नकार दिला. प्रमाण ताब्यात राहिलं पाहिजे, एकदा नव्हे, सतत. ती चिडायची, रडायची, सायकल भिंतीला टेकवून चार चार दिवस तिच्याकडे बघायची नाही. बाबा तिला काही म्हणत नसत. ते आणि काका खाली नवी फ्रेम बनवत होते. काकांच्या हाताला जोडकामाची सवय राहिली नव्हती, पहिला सांधा बिघडला, तो बाबांनी कापून टाकला आणि शांतपणे दुसरी नळी त्यांच्यापुढे ठेवली.

हळूहळू मात्र काहीतरी बदललं. डोकं दुखायचं थांबलं. डोळ्यांसमोर नाचणारे ठिपके गेले. एका सकाळी थोरलीच्या ध्यानात आलं, की शेवटच्या वळणावर, जिथे गेल्या वर्षी मांड्या शिशाच्या झाल्या होत्या, तिथे ती अजून पायडल मारते आहे. डॉक्टरांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की फार दाट रक्त प्राणवायू भरपूर नेतं खरं, पण वाहतं सावकाश. आजाराने तिला पुढे ढकललं होतं की मागे ओढलं होतं, ते कुणीच सांगू शकणार नाही. मग त्यांनी परवानगी दिली. या शर्यतीत एकेकीला एकटीला सोडतात, घोळक्यात पडायची भीती नाही, हे त्यांनी आधी खात्री करून घेतलं. छातीत दुखलं किंवा डोळ्यांसमोर अंधार आला तर तिथल्या तिथे उतरायचं, असा शब्दही घेतला.

शर्यतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. गेल्या वर्षी वर्तमानपत्रात तिच्याविरुद्ध बोललेली तरुण स्पर्धक तिच्यानंतर सुटणार होती. सगळ्यांचा अंदाज त्या तरुण मुलीच्याच बाजूने होता. थोरली सुटली. पहिला टप्पा तिने मुद्दाम जोर राखून काढला, तेव्हा लोक एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले. दुसऱ्या टप्प्यात रस्ता अंगावर आला. श्वास भात्यासारखा वाजत होता, पण तो तिच्या ताब्यात होता. तिला प्रत्येक श्वासाचा हिशेब लागत होता. शरीरात काही उसनं नव्हतं, काही चोरटं नव्हतं. होतं ते एवढंच होतं, आणि ते सगळंच्या सगळं खर्च करायची तिला मुभा होती.

शेवटच्या वळणावर काका उभे होते, या वेळी गर्दीच्या पुढे. शेजारी बाबा. बाबांचा आवाज बसलेला होता, ते नुसतेच हात फिरवत होते. काका म्हणाले, “आता.” ती सीटवरून उठली.

वर पोचल्यावर तिला धड उभं राहता येईना. आईने एका बाजूने धरलं, धाकट्याने दुसऱ्या. तिची वेळ सर्वांत कमी होती, पण ती तरुण मुलगी अजून रस्त्यावर होती. सगळे खालच्या वळणाकडे पाहत थांबले. ती आली, जीव तोडून आली, रेघ ओलांडून सायकलवरच वाकली. फलकावर आकडा पडला. तिचं नाव थोरलीच्या खाली लागलं.

धाकट्याने ओरडून बहिणीला उचललं. बाबा खाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांत झाकला. काका त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले, स्वतःचे डोळे न पुसता. ती तरुण मुलगी दम परत आल्यावर चालत आली. गेल्या वर्षी जे बोलले ते बोलायला नको होतं, असं ती म्हणाली. थोरलीने तिचा हात हातात घेतला. पुढच्या वर्षी तू मला सोडणार नाहीस, असं तिने तिला सांगितलं, आणि दोघी हसल्या.

तपासणीचा माणूस रक्ताचा नमुना घ्यायला आला, तेव्हा थोरलीने स्वतःच बाही वर केली. तिचं रक्त त्या दिवशी कुणाही माणसाचं असतं तसं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रुग्णालय. आजार कुठे गेला नव्हता, जाणारही नव्हता. चषक आईच्या पिशवीत होता, कारण आईला तो डॉक्टरांना दाखवायचाच होता. आरामखुर्चीभोवती इतकी गर्दी झाली, की परिचारिकेला सुई टोचायला हात घालता येईना. तिने वैतागून विचारलं, की इतकी सगळी मंडळी कोण आहेत, फक्त घरच्यांनी थांबायचं.

बाबांनी भावाच्या दंडाला धरून त्यांना पुढे ओढलं.

“घरचेच आहोत,” ते म्हणाले. “सगळे.”